भूकंप आत्याचा कॅमेरा

आमच्या घरात आत्याच्या हातात कुणी भरलेला कप देत नसे. अर्धा द्यायचे, तोही बशीशिवाय, कारण बशी वाजेल. माझा जन्म झाला तेव्हा ती दवाखान्यात मला बघायला आली आणि हात पाठीमागे बांधून, नुसती वाकून बघून गेली, असं आई सांगते. काका तर ती दारात दिसली की आत ओरडायचा, "भूकंप आला गं, काचेचं सामान उचला!" सगळे हसायचे. आत्याही हसायची. आम्हा पोरांना तिचं खरं नाव बऱ्याच उशिरा कळलं, तोवर ती भूकंप आत्याच होती.

तिचा हात हलताना मी कधी पाहिला होता का? नाही. पण सूर्य पृथ्वीपासून किती लांब आहे हेही आपण मोजून पाहिलेलं नसतं. सांगणारा जाणता असला की माणूस मान डोलावतो. आणि आमच्याकडे सांगणारे साक्षात बाबा होते.

गोष्ट अशी. आत्या चोवीस वर्षांची असताना तिला फोटोग्राफर व्हायचं होतं. नुसती हौस नव्हती ती, नोकरीच करायची होती. बाबा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, कॅमेरा दुरुस्तीचं काम करत. त्यांनी तिला एक जुना कॅमेरा मिळवून दिला. डब्यासारखा चौकोनी, पुढे एकावर एक दोन भिंगं. वरच्या भिंगातून बघायचं, खालचं भिंग फोटो काढतं. तो पोटाशी धरायचा आणि वरून, दुधी काचेत खाली मान घालून पाहायचं. बाबांनी तो स्वतः उघडून, साफ करून तिच्या हातात दिला. एका साप्ताहिकात जागा होती. तिथल्या संपादकांनी तिला सांगितलं, माणसं आपापल्या कामाच्या ठिकाणी, घरात, दुकानात, उजेड असेल त्यात टिपून आणा, दहा फोटो. आत्या दोन आठवडे शहर पालथं घालत फिरली. शिंपी, छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी, चष्मेवाला, गादीवाली. दहाच्या दहा फोटोंत चेहरे धूसर. संपादकांनी पाकीट परत केलं आणि पुढचा उमेदवार आत बोलावला.

ती घरी आली तेव्हा सगळे जेवायला बसले होते. तिने ताटाशेजारी फोटो ठेवले आणि बाबांना विचारलं, "दादा, असं का होतंय?"

बाबांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. "बाहेरचे कसे येतात?"

"बाहेरचे छान येतात. उन्हातले एकदम स्वच्छ."

"मग झालं तर. हात हलतो तुझा. उन्हात शटर झटकन मिटतं, हललेलं कळत नाही. घरात ते सावकाश मिटतं, तिथे उघडं पडतं."

"कॅमेऱ्यात काही नसेल ना?"

"कॅमेरा मी साफ केलाय," बाबा म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

काळ्या दगडावरची रेघ! काकाने तिथल्या तिथे बारसं उरकलं, भूकंप. महिन्याभरात आत्याने कॅमेरा बाबांच्या दुकानात आणून दिला, कुणाला तरी देऊन टाक म्हणाली, आणि एका मोठ्या रुग्णालयात चौकशीच्या खिडकीवर चिकटली. चौतीस वर्षं तिथे बसली. कुठला विभाग, कितवा मजला, कुणाला भेटायचं. ज्या कामात हात लागत नाही असं काम तिने शोधून काढलं, हे माझ्या लक्षात फार नंतर आलं.

आता बाबांबद्दल. माझा बाप आहे म्हणून सांगत नाही, माणूस कसबी आहे. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. दोन माणसं आत शिरली तर एकाने श्वास सोडायचा आणि दुसऱ्याने घ्यायचा, एवढं. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत आकाराप्रमाणे स्क्रू, भिंतीला लागून कपाट, त्यात लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि परत न नेलेले कॅमेरे. कॅमेरा उघडला की बाबा आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, सुईने तारीख कोरतात आणि शेजारी छोटा त्रिकोण. "डॉक्टर पोटात कात्री विसरतात, मी सही विसरत नाही," हा त्यांचा जुना विनोद. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाने "पुन्हा बिघडला हो" म्हटलं तर आधी गिऱ्हाइकाचीच तपासणी व्हायची. "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता.

मग फिल्मचे रोल मिळेनासे झाले. धुऊन देणाऱ्या प्रयोगशाळा एकामागून एक बंद पडल्या. शेजारच्यांनी घड्याळाचे सेल विकायला सांगितलं, त्यावर बाबांनी त्यांच्याशी दोन महिने बोलणंच टाकलं. मी एका तांत्रिक विद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिथे भंगारात निघालेले छोटे डिजिटल कॅमेरे यायचे, वरून फुटलेले पण आतून जिवंत. एकदा बाबा डिजिटलच्या नावाने खडे फोडत बसले होते, तेव्हा वैतागून मी असा एक कॅमेरा त्यांच्या टेबलावर आपटला. "इतका राग आहे ना? मग यातलं काळीज काढा आणि तुमच्या म्हाताऱ्यात घाला!"

 चौथ्या दिवशी बाबा विचारतात, "यातलं किती बाहेर निघतं?"

पहिला कॅमेरा करायला आम्हाला पाच महिने लागले. भिंगांचं काम त्यांचं, तारांचं माझं, भांडण दोघांचं. त्यांची अट एकच होती. जुन्या कॅमेऱ्याला कानस लागणार नाही, एक भोकसुद्धा पडणार नाही. फक्त मागचं दार काढायचं आणि त्या जागी आम्ही केलेलं नवं दार बसवायचं. पूर्वी जिथून रोल सरकायचा नेमक्या तिथे या दारातला सेन्सर येतो. सेन्सर म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यात चित्र उमटतं तो नखाएवढा तुकडा. दाराच्या बटणावर बोट ठेवलं की लाल दिवा लागतो, सेन्सर दोन सेकंद जागा राहतो, तेवढ्यात कॅमेऱ्याचं मूळचं शटर दाबायचं. मूळ दार कापडी पिशवीत घालून मालकाला परत. "उद्या कुणाला पुन्हा रोल घालावासा वाटला तर माझ्या नावाने बोंब नको."

आणि सवय कशी असते बघा. अजूनही नवं दार उघडायचं झालं की बाबा आधी उठून दुकानातला दिवा मालवतात.

"अहो बाबा, आत रोल नाहीये!"

"माहीत आहे मला," अंधारातून आवाज येतो.

पण लोक येऊ लागले. आजोबांचा कॅमेरा, वडिलांचा, जत्रेतून घेतलेला. डोळ्यांत प्राण आणून लोक पहिला फोटो बघायचे. बाबा पुन्हा सकाळी लवकर दुकान उघडू लागले. शेजाऱ्यांशी बोलू लागले. आईने देवाला हात जोडले.

अशात आत्याची निवृत्ती जवळ आली. एका दुपारी बाबांनी कपाटाच्या तळातून तो चौकोनी डबा काढला. चौतीस वर्षांत कुणाला देऊन टाकला नव्हता त्यांनी. "तिला हा करून देऊ," म्हणाले. "आता वेळ मिळेल तिला. बाहेर जाईल, उन्हातले काढेल."

"उन्हातलेच का?"

"घरातले तिला जमत नाहीत ना," बाबा अगदी मायेने म्हणाले.

दार बनवलं, सेन्सर बसवला. चाचणीची बाबांची स्वतःची पद्धत आहे. टेबलावर सहा पेन्सिली एकामागे एक उभ्या करतात, वीतभर अंतराने, आणि तिसऱ्या पेन्सिलीवर फोकस धरतात. वरच्या दुधी काचेत तिसरी पेन्सिल लख्ख दिसत होती. फोटोत मात्र तिसरी धूसर आणि पाचवी इतकी स्वच्छ की तिच्यावरची अक्षरं वाचता यावीत.

सेन्सर पुढेमागे झाला असेल म्हणून आम्ही मोजलं. अगदी जागच्या जागी होता.

"सेन्सरचे तीन स्क्रू थोडे फिरवते, जुळेल," मी म्हटलं.

"जुळेल. पण बिघडलंय कुठे ते कळायला नको?" माझ्या बापाचा हाच गुण, आणि त्या दिवशी तो त्यांना चांगलाच महागात पडला. त्यांनी खालचं भिंग उघडलं. आत, कडेला, सुईने कोरलेला त्रिकोण. शेजारी तारीख. साप्ताहिकासाठी आत्याने फोटो काढले त्याच्या आधीच्या महिन्यातली.

भिंगाखाली एक पितळी चकती असायला हवी होती, कागदाच्या दोनतीन घड्यांएवढी जाड. तिथे काहीच नव्हतं. साफसफाईसाठी काढलेली ती चकती परत घालायची राहिली होती. त्यामुळे भिंग जरासं आत बसलं होतं आणि ज्याच्यावर फोकस धरावा त्याच्या मागचं स्वच्छ येत होतं. उन्हात भिंगाचं तोंड बारीक करून फोटो काढतात, तेव्हा पुढचं मागचं सगळंच नीट येतं, दोष झाकला जातो. घरात उजेड कमी, तोंड मोठं उघडावं लागतं, तिथे तो बाहेर पडतो. हे सगळं बाबांनी मला हळू आवाजात समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. मग चिमटा खाली ठेवला.

"तिच्याकडे ते फोटो असतील का?"

मी आत्याकडे गेले. काही विचारलं नाही तिने. लोखंडी पेटीतून पाकीट काढलं, साप्ताहिकाचा शिक्का अजून त्यावर होता. "टाकायला नेतेस? ने," म्हणाली.

दुकानात आम्ही दहाही फोटो मांडले. शिंप्याचा चेहरा धुक्यात, पण त्याच्या मागच्या भिंतीवरचा खिळा टोकदार, खिळ्याला अडकवलेल्या टेपवरचे आकडे वाचता येत होते. जुळारी पुसट, त्याच्यामागच्या खणांतले छपाईचे शिशाचे खिळे एकेक मोजून घ्यावेत. गादीवालीमागच्या भिंतीचे पोपडेसुद्धा दिसत होते. दहाच्या दहा तसेच.

"बाबा, हात हलला असता तर भिंतीवरचा खिळापण हलला असता," मी म्हटलं.

"मला कळतं," बाबा म्हणाले. कळतच होतं. फोटो हललाय की फोकस चुकलाय, हा फरक त्यांनी आजवर शेकडो गिऱ्हाइकांना शिकवला होता. "मी चेहरेच बघितले फक्त."

"तुम्ही चेहरेही नाही बघितले. तुम्ही तुमची सही बघितलीत."

त्यांनी पितळी पत्र्यातून नवी चकती कापली, घासली, बसवली. तिसरी पेन्सिल फोटोत लख्ख आली. मग म्हणतात, "आता देऊन टाकू. फोटो चांगले येतील, खूश होईल. जुनं उकरून काय मिळणार तिला? गेलेली वर्षं परत येणार आहेत का?"

"तिला तिचे हात मिळतील!" मी इतक्या जोरात ओरडले की जिन्यावरून जाणारा माणूस थांबला. "तुम्ही भेट देणार, ती उपकार मानणार, आणि मरेपर्यंत अर्धा कप चहा पिणार. शोभतं का हे तुम्हाला?"

आमचं चार दिवस बोलणं बंद होतं. मला बापाची लाज वाटत होती आणि दयाही येत होती, आणि दयेचा राग येत होता. पाचव्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेरा काखेत मारून दारात उभे राहिले. "चल. एकट्याने जमणार नाही मला."

आत्याकडे बसल्यावर त्यांनी सुरुवात केली ती भिंगांच्या शोधापासून. चकती म्हणजे काय, ती कशाला असते, तिची जाडी. आत्याने चौकशीच्या खिडकीवर लोकांचं जसं ऐकलं असेल तसं थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाली, "दादा, काम काय ते सांग."

"मी तेव्हा चकती घालायची विसरलो. तुझे फोटो माझ्यामुळे गेले. तुझा हात हलत नव्हता."

आत्याने कॅमेरा स्वतःकडे ओढून घेतला.

"तेव्हा तू कॅमेरा उघडून पाहिलास?"

"नाही."

"का?"

"मीच साफ केला होता ना."

"माझा हात पाहिलास? हातात घेऊन?"

"नाही."

"मग बघितलंस काय तू?"

 बाबा रडतील असं मला वाटलं, पण ते नुसते मान खाली घालून बसले, आणि मला ते जास्त सोसवेना.

"जा आता," आत्या म्हणाली. "डबा राहू दे इथे. तू जा."

नंतर नऊ दिवस तिने कुणाचा फोन उचलला नाही. आई घाबरली. दहाव्या दिवशी मी न सांगता गेले. दार लोटलेलंच होतं. आत्या पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हातात घेऊन ओट्यापासून खिडकीपर्यंत चालत होती. वळली, परत ओट्याकडे. मला पाहून थांबलीसुद्धा नाही.

"सांडलं का बघ गं."

मी फरशी पाहिली. "नाही."

"काल सांडलं होतं, थोडंसं." तिने पेला खाली ठेवला. हसत नव्हती, पण चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं. "दादाला सांग, निवृत्तीचं जेवण तुमच्याकडे. सगळ्यांना बोलवायचं, एकही नातेवाईक सुटता कामा नये. तेव्हा सगळे जेवत असताना बोलला होता. आता सगळे जेवत असतानाच बोलायचं."

बाबांनी ते ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

जेवणाच्या त्या रविवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. काका, काकू, त्यांची मुलं, जावई, दूरची दोन मावसभावंडं. वाढून झालं, घास सुरू झाले, आणि बाबा भिंतीला हात धरून उभे राहिले. या माणसाला मी कधी चार लोकांत बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी भिंगांचा शोध वगैरे सगळं गाळलं. "हिचा हात कधीच हलत नव्हता. चूक माझी होती, माझ्या कामातली, आणि मी ती न बघता हिच्यावर ढकलली. तुम्ही सगळे माझ्या शब्दावर हसलात, म्हणून तुम्हालाही सांगतो. चुकलं माझं."

काकाचा घास हातातच राहिला. काकूने डोळ्याला पदर लावला.  माझ्या मनात आलं, इतकी शांतता आमच्या घरात फक्त कुणीतरी गेल्यावर असते, आणि इथे तर उलट कुणीतरी परत आलं होतं.

आत्याने हात धुतले, खोलीतून कॅमेरा आणला, गळ्यात अडकवला. "उठू नका. जेवत राहा. मला जेवताना हवेत."

जेवणाची खोली आमची आतली, एकच खिडकी, उजेड बेताचा. ती दाराच्या चौकटीत उभी राहिली, मान खाली घालून दुधी काचेत बघू लागली. आमच्यावर कुणाची नजर नाही असं वाटून आम्ही आपोआप सैल झालो. काका पुन्हा चावायला लागला. लाल दिवा लागला. शटर वाजलं.

मी कॅमेऱ्याच्या नव्या दाराच्या बटणाखालची तार संगणकाला जोडली. सगळे उष्ट्या हातांनी मागे गोळा झाले. फोटो पडद्यावर उमटला.

हललेला होता. काका हलला होता, काकू हलली होती, ताटं, खिडकीचे गज, मागच्या दाराची कडी, सगळंच्या सगळं एका बाजूला ओढल्यासारखं पुसट. यात कुठल्या चकतीचा दोष नव्हता. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. कुणीतरी मागे खाकरलं. मला वाटलं, संपलं, आता ही बाई पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही.

आत्या पडद्याच्या अगदी जवळ गेली. चेहरे पाहिले, मग मागचं दार पाहिलं, कडी पाहिली, सावकाश. आणि खो खो हसायला लागली. इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"अरे, हा खरंच हललाय! दादा, बघ ना, असा दिसतो हललेला! हा मी हलवलाय!"

"पहिलाच आहे," बाबा चाचरत म्हणाले, "सवय नाही, कोपर बरगड्यांना टेकवून धरलंस तर, श्वास सोडून मग..."

"सांगू नकोस. मला शोधू दे." तिने गळ्यातला पट्टा ताणून मान सरळ केली, पाय जरा फाकवले, पुन्हा चौकटीत जाऊन उभी राहिली. "बसा सगळे जागेवर. तुझी चूक मला चौतीस वर्षं दुरुस्त करता आली नाही, दादा. ही माझी आहे, ही मी आत्ता करते."

आम्ही गुमान ताटांवर जाऊन बसलो, आणि लाल दिवा पुन्हा लागला.